मोठी माणसे कशी शिकतात?

अभ्यासलेख : कार्यकर्त्यांना व महिला गटांना प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी

वाचनासाठी : लूक ९:१-१०, लूक १०:१-२०, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८



आदिवासी आणि भटक्या-विमुक्त वस्त्यांवर काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या अहवालात एक वाक्य हमखास सापडते : या तिमाहीत इतकी प्रशिक्षणे झाली, इतक्या महिला हजर होत्या. कधी आरोग्य सेविकांचे प्रशिक्षण असते, कधी बालवाडीच्या ताईंचे, कधी शिलाईचे, कधी बचत गटाच्या हिशेबाचे. आपण प्रेमाने दिलेल्या दानाचा मोठा भाग यावर खर्च होतो. मंडळीतले निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेत काम केलेले बंधू शनिवारी वेळ काढून शिकवायलाही जातात. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे : जे शिकवले, ते शिकले गेले का?

हा प्रश्न वहीपुरता नाही. वस्तीवर रात्री एखादे लेकरू जुलाबाने सुकत चालले आहे आणि दवाखाना दहा-बारा किलोमीटरवर आहे, अशा वेळी प्रशिक्षणाला बसलेली ती एकच बाई जवळ असते. साखर-मिठाचे प्रमाण तिच्या हाताला ठाऊक असले तर सकाळपर्यंत लेकरू तग धरू शकते. ते फक्त आपल्या फळ्यावर राहिले असेल, तर आपल्या हजेरीपटाचा त्या आईला काही उपयोग नाही.

या अंकात आपण तीन गोष्टी पाहू. मोठी माणसे कशी शिकतात, याबद्दल काय माहीत झाले आहे. आपल्या महाराष्ट्रात हे कोणी करून दाखवले. आणि आपण स्वतः एखादा पाठ कसा आखावा.

१. वर्गात येण्याआधीचा इतिहास

लहान मूल शाळेत येते तेव्हा पाटी बरीचशी कोरी असते. मोठे माणूस येते ते आयुष्य बरोबर घेऊन. त्यात कौशल्य असते, तशी भीतीही असते.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे पारधी, कैकाडी व इतर अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. आपल्या शहरात तारेच्या कुंपणाची मोठी सेटलमेंट होती. तिथल्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, बाहेर जायला परवानगी लागे, आणि अनेकांना गिरण्यांमध्ये कामाला जुंपले जाई. काही वर्षे या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता, हेही आपण विसरू नये. शाळा, दवाखाना, हाताला काम अशा चांगल्या गोष्टी तिथे झाल्या, पण त्या कुंपणाच्या आत झाल्या. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र सोलापुरात आजही बोलण्यात आहे.

ज्या घरात ‘हजेरी’ या शब्दाचा अर्थ तीन पिढ्या पोलिसांशी जोडलेला आहे, त्या घरातली बाई प्रशिक्षणाला येते आणि आपण पहिली गोष्ट काय करतो? वही उघडून नावे पुकारतो, अंगठा किंवा सही घेतो. आपल्या मनात काही नसते, पण तिचे मन त्या क्षणी आखडते. आखडलेले मन शिकत नाही. सही घ्यायचीच असेल तर ती चहानंतर, कशासाठी हवी ते सांगून घ्यावी. प्रशिक्षणाची आखणी अशा छोट्या गोष्टीपासून सुरू होते.

२. ‘शिकण्याच्या शैली’ : किती खरे, किती सोयीचे

प्रशिक्षकांच्या शिबिरात एक गोष्ट हल्ली नेहमी सांगितली जाते. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून, तर कोणी हाताने करून. म्हणून आधी प्रत्येकाची शैली ओळखा आणि तसे शिकवा. न्यूझीलंडचे शिक्षक नील फ्लेमिंग यांनी १९९२ मध्ये अशा चार प्रकारांची मांडणी लोकांपुढे आणली आणि ती जगभर पसरली. ऐकायला ती पटते, कारण आपल्या प्रत्येकाला काहीतरी अधिक आवडत असतेच.

परंतु २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे संशोधन तपासले. माणसांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनी नाकारले नाही. पण आवडत्या शैलीत शिकवले म्हणून माणूस अधिक चांगले शिकतो, असे म्हणण्याजोगा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे ‘ही पाहून शिकणारी, तो ऐकून शिकणारा’ अशा चिठ्ठ्या लावण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

थोडा विचार केला तर हे आपल्यालाही दिसते. कोणत्या मार्गाने शिकवायचे हे पुष्कळदा विषयच ठरवतो. शिलाई हातानेच शिकावी लागते, मग शिकणारीला व्याख्यान कितीही आवडो. गीताची चाल कानानेच शिकावी लागते. वस्तीचा नकाशा डोळ्यांनीच समजतो. सोलापूरच्या मागावर कोण पुस्तक वाचून विणकर झाले? आधी कांड्या भरायच्या, मग तुटलेला धागा सांधायचा, मग जाणत्याच्या शेजारी उभे राहून माग चालवायचा, असाच तो हुन्नर उतरत आला.

शिवाय चिठ्ठी लावण्यात एक अन्यायही लपलेला असतो. ‘ही निरक्षर आहे, हिला चित्रेच दाखवा,’ असे एकदा ठरले की तिच्यासाठी अक्षरांचे दार कायमचे बंद होते. आपण तिची सोय पाहतो असे आपल्याला वाटते; प्रत्यक्षात तिची मर्यादा आपणच ठरवून टाकलेली असते.

मग मोठ्या माणसांत खरा फरक कशाकशाचा असतो? कामातून दिसलेल्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली, पूर्वानुभव. शेळ्या सांभाळणाऱ्या बाईला आजारी जनावर ओळखता येते. ते ज्ञान लेकराच्या आजाराशी जोडून दिले तर ती झटकन पुढे जाते.

दुसरी, भाषा. पारधी घरात पारधी बोली चालते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड कानावर पडते. आपण ‘निर्जलीकरण’ म्हणतो तेव्हा समोरची मान हलवते, कारण ताईंना वाईट वाटू नये. ‘अंगातलं पाणी जातं’ म्हटले की ती स्वतःहून बोलू लागते.

तिसरी, अक्षर-अंकांची ओळख. एकाच गटात दहावी झालेली सून आणि कधीच शाळा न पाहिलेली सासू असते. इंची टेपवरचे आकडे न वाचणारी बाई विती-बोटांनी अचूक माप घेते, हे आम्ही शिलाई वर्गात अनेकदा पाहतो. तिला माप येते. तिला फक्त आपला टेप येत नाही.

चौथी, शरीर. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसू लागते. ‘या मावशींना चित्र दाखवूनही समजत नाही,’ असे आपण म्हणतो तेव्हा कधीकधी मावशींना फक्त चष्मा हवा असतो. अंगावर पिणारे मूल, उपाशी पोट, सकाळपासून डोक्यावर वाहिलेले पाणी, या सगळ्यांचा शिकण्याशी थेट संबंध आहे.

पाचवी, धीर. चुकले तर हसतील, या भीतीने गप्प बसणारी बाई आणि मठ्ठ बाई बाहेरून सारख्याच दिसतात.

अमेरिकेतील प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात आणि पुढील लेखनात हेच वेगळ्या शब्दांत मांडले. मोठ्या माणसाला हे का शिकायचे ते आधी कळावे लागते. त्याचा अनुभव जमेस धरावा लागतो. आजच्या अडचणीला उपयोगी पडेल तेच तो मनापासून धरतो. आणि त्याला लहान मुलासारखे वागवलेले त्याला खपत नाही.

३. जामखेडचा धडा

आपल्या करमाळ्याहून जामखेड फार दूर नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथे कामाला आले. दुष्काळी मुलूख, जातीपातीची कडक उतरंड, आणि बालमृत्यू अतोनात. १९७१ मध्ये त्यांच्या कार्यक्षेत्रात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा पंचवीसच्या आसपास आणि त्याखालीही आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे घडवले कोणी? सुरुवातीला शिकलेल्या परिचारिकांना गावात ठेवून पाहिले गेले, पण ते जमले नाही. परक्या गावात एकटे राहणे त्यांना अवघड होते आणि गावकरीही त्यांचे ऐकत नव्हते. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्या स्त्रियांतल्या बहुतेक निरक्षर होत्या आणि अनेक दलित किंवा गरीब घरांतल्या होत्या.

त्यांचे प्रशिक्षण कसे झाले हे प्रशिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावे. एक लांबलचक शिबिर घेऊन, प्रमाणपत्र देऊन त्यांना घरी पाठवले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, थोडे शिकत आणि गावात जाऊन करून पाहत. पुढच्या आठवड्यात काय जमले, काय नाही, कोण काय म्हणाले, हे सांगत, आणि त्या अडचणीतूनच पुढचा पाठ निघे. हे महिने नाही, वर्षानुवर्षे चालले. गोष्टी, गाणी, चित्रे, नाटुकली, प्रत्यक्ष रुग्ण तपासणे, सगळे वापरले गेले. एका बाईसाठी एक रीत असे नाही, तर सगळ्या रीती सगळ्यांसाठी. सुरुवातीचा बराच वेळ आजारांवर नव्हे, तर त्या स्त्रियांचा स्वतःवरचा विश्वास उभा करण्यावर गेला. वेगवेगळ्या जातींच्या या बाया रात्री एकत्र, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. जे कोणत्याही व्याख्यानाने शिकवता आले नसते ते त्या पांघरुणाने शिकवले. आणि जुन्या आरोग्य सेविका नव्या सेविकांना शिकवू लागल्या.

या सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एका आरोग्य परिषदेत भाषण केले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता : सभागृहातली मोठी झुंबरे सुंदर आहेत, पण महाग आहेत आणि दूर टांगलेली आहेत, माझ्या हातातला दिवा साधा असला तरी त्याने दुसरा दिवा लावता येतो. प्रशिक्षणाची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. शिकलेले माणूस दुसऱ्याला शिकवू शकते का?

४. गडचिरोलीचे मणी

दुसरे उदाहरण गोंड आणि माडिया आदिवासींच्या जिल्ह्यातले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. बालकांचा न्यूमोनिया हा तिथला मोठा शत्रू. तो ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील तर धोका समजायचा. पण गावातल्या निरक्षर सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते.

‘यांना मोजता येत नाही, म्हणून हे काम यांचे नाही,’ असे म्हणणे सोपे होते. बंग दांपत्याने उलट केले, साधन बदलले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि लाकडी चौकटीत सरकणारे मणी घेतले. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर बाळ आजारी. दहापर्यंत मोजणे सुईणींना येतच होते. त्यांच्या ज्ञानाच्या काठापर्यंत साधन आले आणि त्या निदान करू लागल्या.

पुढे त्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत, जेमतेम शिकलेल्या गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे सगळे त्यांनी केले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात ही पद्धत आली.

जामखेड आणि गडचिरोली, दोन्हीकडे एकच विचार दिसतो. शिकणाऱ्यात काय कमी आहे हे मोजत बसू नये. शिकवण्यात काय बदलावे लागेल हे शोधावे.

५. एक पाठ आखून पाहू

आता साखर-मीठ पाण्याचा पाठ घेऊ. एरवी आपण तो कसा घेतो? फळ्यावर प्रमाण लिहितो, दोनदा म्हणून घेतो, ‘समजले का?’ विचारतो, सगळ्या ‘हो’ म्हणतात. पंधरा मिनिटांत विषय संपतो. हाच पाठ दीड तासाचा करून पाहा.

*विचारा.* ‘लेकराला जुलाब लागले की तुम्ही घरात काय करता?’ पेज, ताक, काळा चहा अशी उत्तरे येतील. कोणी म्हणेल, ‘आम्ही पाणी बंद करतो, पाण्यानं जुलाब वाढतात.’ हसू नका, लगेच खोडूही नका. मीठ घातलेली तांदळाची पेज चांगलीच आहे; ते आधी मोठ्याने सांगा. आपल्याला काही येते, हे कळलेली बाई पुढचे ऐकायला तयार होते.

*दाखवा.* मेक्सिकोच्या डोंगराळ भागात आरोग्यसेवकांबरोबर काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांनी सुचवलेला एक प्रयोग आपल्याकडेही सहज होतो. पोकळ भोपळ्याच्या वरच्या बाजूला भोक पाडून त्यावर ओले फडके बसवा, खाली बूच लावा आणि भोपळा पाण्याने भरा. बूच काढले की पाणी गळते आणि वरचे फडके आत ओढले जाते, बाळाची टाळू खोल जाते तसेच. ‘पाणी बंद करावं का?’ हा प्रश्न आता बायांनाच विचारा. उत्तर त्याच देतील.

*करू द्या.* सरकारी ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच उत्तम. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात. ती आशाताई किंवा अंगणवाडीत मिळते, हे सांगा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. आपली स्टीलची भांडी नेऊ नका. प्रत्येकीला घरचा तांब्या आणि घरचा चमचा आणायला सांगा. कोणाचा तांब्या पाऊण लिटरचा, कोणाचा सव्वा लिटरचा निघेल. एक लिटरच्या बाटलीने मोजून आतून खूण करून द्या. सपाट चमचा आणि शिगोशीग चमचा यांतला फरक प्रत्येकीच्या बोटांना कळू द्या, कारण जास्त मीठ बाळाला घातक ठरते.

*चाखू द्या.* पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. ही कसोटी कोणत्याही भाषेत आणि कोणत्याही अक्षराशिवाय समजते.

*सांगू द्या.* प्रत्येकीने शेजारणीला आपल्या बोलीत शिकवावे. आपण फक्त ऐकावे. कुठे अडते ते इथे कळते.

*धोक्याच्या खुणा सांगा.* मूल सुस्त झाले, पिऊ शकत नाही, सतत उलट्या होतात, शौचात रक्त आहे, तर घरी थांबायचे नाही. वाटेत पाणी पाजत दवाखान्यात न्यायचे. या खुणांचे छोटे नाटक बसवले तर त्या अधिक लक्षात राहतात.

*पुन्हा भेटा.* आठ दिवसांनी तिच्या घरी जा आणि म्हणा, ‘ताई, मला करून दाखवा बरं.’ नंतर महिन्याने पुन्हा. जर्मन संशोधक एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवले होते की नवे शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत भराभर विसरले जाते. अंतराअंतराने उजळणी झाली तर ते टिकते. जामखेडच्या आठवड्याच्या वाऱ्यांचे गमक हेच.

या पाठात पाहणे, ऐकणे, करणे, बोलणे सगळेच आले. कोणाची शैली कोणती, हे विचारावेच लागले नाही. शेवटी सहा चमचे आणि अर्धा चमचा यांचे चित्र व खाली ठळक अक्षरे असे एक कार्ड द्यावे. जिला वाचता येते ती वाचेल. जिला येत नाही ती चित्र पाहील, आणि कदाचित एके दिवशी नातवाला विचारून अक्षरेही ओळखेल.

हीच पायरी शिलाईला, बचत गटाच्या हिशेबाला, बालवाडीच्या गाण्यांना लावता येते. सोलापूर गणवेशाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या कामाला बाया तयार करायच्या तर पहिल्या दिवशी यंत्राचे भाग पाठ करून घेण्यापेक्षा सरळ टीप मारायला द्यावी, आणि धागा तुटला की ‘का तुटला?’ या प्रश्नातून बॉबीन, सुई आणि ताण समजावावा. ज्या अडचणीत माणूस आता आहे, तिथेच त्याला शिकायची भूक असते.

६. आखणीपूर्वी विचारायचे सात प्रश्न

१. या प्रशिक्षणानंतर ती कोणते एक काम करू शकेल? ‘माहिती होईल’ हे उत्तर पुरेसे नाही.

२. या विषयातले तिला आधीच काय येते?

३. घरात कोणती बोली आहे? त्या बोलीतली कोणी शिकलेली बाई सोबत घेता येईल का?

४. वेळ कोणाच्या सोयीची? ऊसतोडीच्या हंगामात निम्मी वस्ती बाहेर असते. मजुरीचा दिवस बुडवून ती येत असेल तर त्याची भरपाई धरली आहे का?

५. लहान लेकरांना सांभाळायला कोण? चष्मे लागतील का?

६. दर वीस मिनिटांनी तिच्या हाताला किंवा तोंडाला काही काम आहे का?

७. आठ दिवसांनी आणि महिन्याने कोण भेटणार आहे?

७. मदत करणाऱ्यांसाठी

दान देणाऱ्या आपल्या मंडळ्यांना एक विनंती आहे. संस्थेला ‘किती जण आले?’ एवढेच विचारू नका. ‘तीन महिन्यांनंतर किती जणी ते काम करत आहेत?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नामुळे संस्था गर्दी जमवते. दुसऱ्या प्रश्नामुळे ती घरी भेटी द्यायला जाते. फेरभेटीचा प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, लेकरांचे पाळणाघर, चष्मे, मातृभाषेतल्या सहायिकेचे मानधन या बाबी अंदाजपत्रकात दिसल्या तर त्यांना वायफळ समजू नका. शिकवलेले टिकते ते याच पैशांनी. चाळीस जणींच्या एका दिवसाच्या शिबिरापेक्षा दहा जणींच्या सहा महिन्यांच्या आठवडी बैठका फोटोत कमी उठून दिसतात, पण वस्तीत जास्त उरतात.

वचनाच्या प्रकाशात

प्रभूने बारा शिष्यांना पाठवले ते सगळे शिक्षण पुरे झाल्यावर नाही, मध्येच. ते जाऊन आले, काय घडले ते त्यांनी सांगितले, आणि त्याने त्यांना बाजूला नेले. पुढच्या अध्यायात आणखी जणांना जोडीजोडीने पाठवले. तेही परतून आले, आनंदाने बोलले, आणि त्यांचे बोलणे ऐकून घेऊन त्याने त्यांना पुढचे शिकवले. शिकणे, जाणे, करणे, परतून सांगणे, पुन्हा शिकणे : हा क्रम शुभवर्तमानातच आहे. आणि अपुल्लोस? तो विद्वान होता, बोलका होता, तरी त्याला एक गोष्ट अपुरी ठाऊक होती. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला सभेत खाली पाहायला लावले नाही. जवळ घेऊन नीट समजावले. ते दोघे तंबू शिवणारे कारागीर होते. कोणी कोणाला शिकवावे, याची आपली कल्पना इथे थोडी सैल व्हायला हरकत नाही.

चर्चेसाठी

१. तुम्ही मोठेपणी शिकलेली एक गोष्ट आठवा : सायकल, मोबाइल, एखादी भाषा, एखादे यंत्र. ती तुम्ही खरोखर कशी शिकलात? कोण शेजारी होते?

२. आपल्या मंडळीत शिकवणारे नेहमी तेच आणि ऐकणारे नेहमी तेच असतात का? वस्तीवरच्या कोणाकडून आपण यंदा काही शिकलो?

३. आपण पाठिंबा देत असलेल्या एका प्रशिक्षणाला वरचे सात प्रश्न लावून पाहा. कोणत्या प्रश्नाला उत्तर नाही? ते मिळवायला आपली मंडळी काय देऊ शकेल : पैसा, वेळ, वाहन, की एखादी शिवणयंत्र जाणणारी भगिनी?

४. साखर-मीठ पाण्याचा पाठ पुढच्या महिला सभेत प्रत्यक्ष करून पाहा. घरचा तांब्या आणि घरचा चमचा आणायला विसरू नका.